निर्यात खुली होती, तरी दोन रुपयांचा चेक का?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "आम्ही मूळचे मोहोळ तालुक्यातले. मी पुण्यात नोकरी करतो, वडील गावी दोन एकर कांदा करतात आणि माल सोलापूरच्या यार्डात आणतात. सरकारनं शेतमालाच्या बाजारात हात घालू नये असं तुम्ही नेहमी म्हणता. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यातबंदी नव्हती, साठ्यावर मर्यादा नव्हती, तरी आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाच क्विंटल कांद्याचे दोन रुपये मिळाले. मग खुल्या बाजारानं काय दिलं? त्यापेक्षा हमीभावाचा कायदा करून मोकळं का होऊ नये?"

प्रश्न रोखठोक आहे, बगल देऊन चालणार नाही. मी तीस वर्षं सोलापुरात कांद्याची अडत केली, म्हणजे शेतकऱ्याचा माल यार्डात कमिशनवर विकून दिला. आता दुकान मुलगा बघतो, पण सीझनला मी रोज यार्डात असतो. त्या फेब्रुवारीतल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, मी स्वतःच्या हातानं लिहिल्यात, त्यामुळे उत्तर तिथूनच सुरू करतो.

बार्शी तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याची पट्टी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. दहा पिशव्या, वजन ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. म्हणजे ५१२ रुपये. त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वगैरे मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा. उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. यार्डात याच्याही पुढचा एक शब्द आहे, 'उलटी पट्टी'. माल विकून शेतकऱ्याकडेच पैसे निघतात ती. ती लिहिताना समोर बसलेल्या माणसाकडे बघवत नाही.

त्या पट्टीत दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. भाव पडला ही एक. दुसरी ही की भाव एक रुपया असो की तीस, हमाली-तोलाई वजनावर आणि पिशवीवर लागते, भाडं अंतरावर. तिसाच्या भावात शेतकऱ्याला ती कपात जाणवतही नाही, एक रुपयाच्या भावात ती सगळं खाऊन टाकते. भावाचा धक्का हमालाला बसत नाही, गाडीवाल्याला बसत नाही, आम्हाला कमी बसतो. सगळा शेवटच्या माणसावर, म्हणजे पिकवणाऱ्या पहिल्या माणसावर येतो. ही दुसरी गोष्ट यार्डाच्या रचनेची आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

भाव का पडला? फेब्रुवारीत येतो तो रांगडा कांदा, उशिरा खरिपाचा. त्यात पाणी जास्त, पात जाड, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टाकला की पंधरा-वीस दिवसांत कोंब येतात नाही तर सडतो. उन्हाळी गावरान कांद्यासारखा तो एप्रिलपासून दिवाळीपर्यंत थांबत नाही. काढला की विकायचाच. त्या वर्षी देशात कांदा झाला सुमारे ३०२ लाख टन. फेब्रुवारीत ऊन लवकर तापलं, सगळ्यांनी एकदम काढणी केली आणि सगळा माल एकाच पंधरवड्यात यार्डांवर आला. निर्यात खुली होती, आणि त्या आर्थिक वर्षात २५ लाख टन कांदा बाहेर गेलाही. तरी इतक्या मालाला त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक नव्हतं.

तर तुमचं म्हणणं खरं आहे. खुला बाजार चांगला भाव देतोच असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे, आणि आमच्या बाजूच्या अनेकांनी ते सांगून आमच्याच म्हणण्याचं नुकसान केलंय. भाव हा निरोप असतो. वाईट निरोपही निरोपच. 'या वर्षी कांदा फार झाला, पुढच्या वेळी कमी लावा' असं तो एक रुपया ओरडून सांगत होता. आणि शेतकऱ्यानं ते ऐकलं. त्याच्या पाठोपाठ मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारा झाल्या, ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, उजनी धरणही त्या वर्षी भरलं नाही. पुढच्या वर्षी देशाचं उत्पादन ३०२ वरून २४२ लाख टनांवर आलं.

इथपर्यंत नुकसान झालं ते बाजारात आणि पावसात. यापुढचं मात्र माणसांनी केलं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

माल कमी, म्हणून जुलै-ऑगस्ट २०२३ पासून भाव उठायला लागला. फेब्रुवारीत ज्यानं तोटा खाल्ला, कर्ज काढून पुन्हा लावणी केली किंवा उरलासुरला गावरान चाळीत जपून ठेवला, त्याची आता भरून निघायची वेळ होती. १९ ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही. ७ डिसेंबरला थेट बंदी. पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. डिसेंबर म्हणजे आमच्या सोलापूरचा लाल कांदा जोरात असतो तो महिना. त्या दिवसांत यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, कधी कधी आवक इतकी चढते की माल उतरवायला जागा नसते म्हणून लिलाव एक दिवस बंद ठेवावा लागतो. त्या ऐन गर्दीत बंदी आली. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग मुदत न सांगता पुढे ढकलली. ती उठली ४ मे २०२४ ला, आणि सोलापूर नि माढ्याचं लोकसभेचं मतदान होतं ७ मे ला. उठवतानाही ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवलंच. किंमतीची अट गेली सप्टेंबर २०२४ मध्ये, तेव्हा शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

आता हे सगळं एका शेतकऱ्याच्या हिशोबाच्या वहीत घालून बघा. समजा पाच वर्षांत किलोला भाव मिळाला ८, १०, १२, १५ आणि ४०. बेरीज ८५, सरासरी १७. खर्च १४ रुपये धरा. माणूस किलोमागे तीन रुपयांनी तरतो. चार वर्षं रडत, एक वर्ष हसत, पण तरतो. आता पाचव्या वर्षी भाव चाळीसला निघाला की बंदी घालून तो १८ वर आणा. बेरीज ६३, सरासरी १२ रुपये ६० पैसे. आता तो दर किलोला एक रुपया चाळीस पैसे बुडतो. पहिल्या चार वर्षांना कुणी हात लावलेला नाही, फक्त पाचवं वर्ष काढून घेतलंय. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण घडण अगदी अशीच आहे. भाव पडला तर तो बाजाराचा दोष, भाव चढला तर तो देशाचा प्रश्न. फेब्रुवारी २०२३ चा तोटा खुल्या बाजाराचा म्हणून मोजायचा असेल, तर त्याची भरपाई जी खुल्या बाजारातच ऑगस्टपासून सुरू झाली होती, ती कुणी थांबवली हेही त्याच वहीत लिहायला हवं. त्या वर्षी बाजार निम्माच खुला होता, आणि खुला होता तो पडायच्या बाजूनं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच मांडलं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा अर्थ 'सरकारनं दाम द्यावेत' असा लावला जातो. त्यांचं म्हणणं उलट होतं. सरकार देतं त्यापेक्षा बंद्या घालून जास्त काढून घेतं, याला ते 'उणे सबसिडी' म्हणत. तेव्हा लोक हसले. २०१८ मध्ये ओईसीडी ही प्रगत देशांची संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही अभ्याससंस्था यांनी मिळून भारताच्या शेती धोरणाचा हिशोब मांडला, तेव्हा २००० पासूनच्या साधारण दीड दशकात खतं, वीज, हमीभाव सगळं धरूनही शेतकऱ्याच्या एकूण उत्पन्नावर धोरणांचा परिणाम सरासरी उणे १४ टक्के निघाला.

बंदीनं आणखी एक नुकसान होतं, ते पट्टीवर दिसत नाही. आमचा माल बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबईकडे जातो. तिथला व्यापारी वर्षाचं नियोजन करतो. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा आली, २०२३ मध्ये पुन्हा. २०१९ ला तर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन बोलल्या होत्या की अचानक बंदी घातलीत, निदान आधी कळवायचं तरी. असा गिऱ्हाईक मग तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानकडे वळतो, किंवा स्वतःच्या शेतात कांदा वाढवतो. एकदा तुटलेला गिऱ्हाईक आपण दार उघडलं म्हणून परत येत नाही, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. २०२२-२३ चे २५ लाख टन पुढच्या वर्षी १७ लाखांवर आले. आणि बंदीच्या काळात जी थोडी निर्यात झाली ती सरकारनं ठरवलेल्या एका सहकारी संस्थेमार्फत, ठरलेल्या देशांना, ठरलेल्या टनांत. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वेगळी मुभा मिळाली तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला होता. मला त्यात गुजरातच्या शेतकऱ्याचा राग नाही, त्याचा माल गेला हे चांगलंच झालं. पण कुणाचा कांदा बोटीत चढेल हे दिल्लीच्या टेबलावर ठरायला लागलं की शेतकऱ्यानं शेतात काय केलं याला किंमत उरत नाही.

आता हमीभावाच्या कायद्याकडे. आपल्याला दुसरीकडे उदाहरण शोधायला नको, सोलापूर जिल्ह्यातच कायद्यानं बांधलेला भाव आहे. ऊस. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावीच लागते, चौदा दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. याहून कडक हमी कुठल्याच पिकाला नाही. तरी दर हंगामात आपल्या जिल्ह्यात थकबाकीची यादी निघते, साखर आयुक्तांचे जप्तीचे आदेश निघतात, आणि शेतकरी कारखान्याच्या गेटवर बसतो. असं का? २०१८-१९ ला एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ ला ३५५. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढची सहा वर्षं तिथून हलली नाही. वर साखर निर्यातीवर जून २०२२ पासून बंधन. ७ डिसेंबर २०२३, म्हणजे ज्या दिवशी कांद्याची बंदी निघाली त्याच दिवशी, उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही मनाई निघाली. आठवड्यानं ती थोडी सैल केली, पण तोवर कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका हातानं भाव लिहून द्यायचा आणि दुसऱ्या हातानं तो भाव ज्यातून निघतो ती विक्री अडवायची. कागदावरच्या भावाला तिजोरीत पैसा लागतो.

शिवाय हमी मिळाली की पीक तिकडे धावतं. सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात उजनीचं पाणी कुठे जातं हे तुमच्या वडिलांना विचारा. त्यांचं काही चुकत नाही. हमी उसाला आहे, म्हणून शहाणा शेतकरी ऊसच लावतो.

कांद्याला हमीभाव दिला तर तो घेणार कोण? ज्वारी गोदामात राहते, रांगडा राहत नाही. २०२३ मध्ये शुल्क लावल्यावर आंदोलन पेटलं तेव्हा केंद्रानं क्विंटलला २४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली आणि राखीव साठ्याचं लक्ष्य तीनाचं पाच लाख टन केलं. पाच लाख टन म्हणजे त्या वर्षीच्या देशाच्या पिकाचे दोन टक्के. आणि तोच साठा भाव चढला की दिल्लीत २५ रुपये किलोनं विकून भाव पाडायला वापरला. शेतकऱ्याच्या नावानं घेतलेला कांदा शेतकऱ्याच्याच भावावर येऊन पडला. राज्य सरकारनं २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चच्या मालाला क्विंटलमागे ३५० रुपये, दोनशे क्विंटलपर्यंत, असं अनुदान दिलं. ज्यांना मिळालं त्यांना आधार झाला, ते मी नाकारत नाही. पण साडेतीन रुपये किलोनं तोटा भरत नाही.

साठेबाजीबद्दलही विचारलं जातंच, म्हणून तेही सांगतो. मे महिन्यात १२ रुपयांनी घेतलेला गावरान ऑक्टोबरपर्यंत चाळीत ठेवला की वजन आणि सड धरून तीस टक्के जातो. हातातल्या मालाची किंमत सतरा रुपयांच्या वर गेली, त्यात पिशवी, मजुरी, पाच महिन्यांचं व्याज. वीसच्या खाली विकला तर तोटा. हा माणूस, बहुतेक वेळा तो शेतकरीच असतो, मे मधली भरमार उचलून ऑक्टोबरच्या टंचाईत आणून टाकतो. मे मध्ये भाव थोडा धरून ठेवतो, ऑक्टोबरमध्ये थोडा खाली आणतो. त्याला गुन्हेगार ठरवून साठ्यावर मर्यादा घातली की पुढच्या मे मध्ये तो माल उचलत नाही. मग मे मध्ये भाव आणखी पडतो आणि ऑक्टोबरमध्ये आणखी चढतो. २०२० च्या जूनमध्ये केंद्रानं कांदा या मर्यादेतून जवळजवळ मोकळा केला, आणि ऑक्टोबर संपायच्या आत निर्यातबंदी आणि घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा परत आली. चार महिन्यांत फिरणाऱ्या शब्दावर चाळी कोण बांधणार?

शहरातल्या गरिबाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो. तीसचा साठ झाला तर दीडशे रुपये वाढतात. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या आपल्या सोलापुरातल्या बाईला दीडशे रुपये मोठे आहेत, मी ते हलकं समजत नाही. तर ते दीडशे रुपये तिच्या खात्यात सरकारनं तिजोरीतून घालावेत, सगळ्या देशाच्या करातून. दोन एकरांत दोनशे क्विंटल कांदा काढणाऱ्याचे किलोला दहा रुपये पाडले तर त्याचे दोन लाख जातात. गरिबाला मदत करायचा खर्च त्याच्याहून फारसा श्रीमंत नसलेल्या एका माणसाच्या खिशातून का काढायचा? आणि २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या महागाईच्या निर्देशांकात कांद्याचं वजन होतं एक टक्क्याहूनही कमी, ०.६४. एका पिकाचा भाव चढणं म्हणजे आवक घटणं. सगळ्याच वस्तू एकदम महागणं हा वेगळा, चलनाचा रोग आहे, त्याचं औषध रिझर्व्ह बँकेकडे आहे, लिलावाच्या ओट्यावर नाही.

आता आमच्याकडे येतो. खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या अडत्यानं स्वतःचं दार बंद ठेवलं तर त्याचं कुणी ऐकू नये. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मुभा दिली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्यात मीही होतो. ती माझी चूक होती. शेतकऱ्याची अडत वाचली हे योग्यच झालं. एका लिलावात बोली लावणारे पाच असतील आणि त्यातले तिघं एकमेकांना ओळखत असतील, तर तो खुला बाजार नाही, मग निर्यात कितीही खुली असो. हैदराबादचा, चेन्नईचा खरेदीदार परवान्याच्या फेऱ्यात न अडकता उद्या येऊन बोली लावू शकला पाहिजे. माल विकला त्या दिवशी पैसे मिळाले पाहिजेत, पंधरा दिवसांनंतरच्या तारखेचा चेक म्हणजे शेतकऱ्याकडून बिनव्याजी घेतलेलं कर्ज. दोन रुपयांच्या त्या पट्टीतला हा दुसरा दोष दिल्लीचा नाही, आमचा आहे. आणि तो दूर करायला कुठल्याही हमीभावाच्या कायद्याची वाट बघायला नको.

सरकारकडून मला एवढंच हवंय की निर्यातीचं धोरण लावणीच्या आधी जाहीर व्हावं आणि तो माल विकून होईपर्यंत बदलू नये. शुल्क लावायचंच असेल तर किती भावाला किती लागेल हे जूनमध्ये सांगा. शेतकरी त्यावर हिशोब करील. डिसेंबरच्या रात्री निघालेल्या अधिसूचनेवर त्याला काहीच करता येत नाही.

तुमच्या वडिलांसाठी चार कामाच्या गोष्टी. दोन्ही एकर एकाच वेळी लावू नका, पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे सगळा माल एकाच पंधरवड्याच्या तावडीत सापडत नाही. रांगड्यापेक्षा पाणी पुरत असेल तर थोडा तरी गावरान करा, तो थांबतो. गोलटी आणि चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढूनच पिशव्या भरा, एका हलक्या पिशवीनं सगळ्या वक्कलाचा, म्हणजे एकत्र लिलावाला लावलेल्या ढिगाचा, भाव जातो, आणि भाव फारच पडलेला असेल तर हलका माल यार्डात आणूच नका, भाडं अंगावर येतं. पट्टी हातात आली की तिथंच उभं राहून प्रत्येक कपात वाचा. अडत लावली असेल तर ती खरेदीदाराची आहे, तुमची नाही, हे स्पष्ट सांगा. हमाली-तोलाईचे दर समितीनं ठरवलेले असतात, जास्त दिसले तर पट्टी घेऊन थेट सचिवांच्या ऑफिसात जा. आणि पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका.